गावात परत घेण्याबाबत

मँचेस्टर, ४ ऑक्टोबर १९५३, रविवार

ही वही डॉक्टरबाईंनी दिली. त्या औषधाच्या नव्हेत, पुस्तकांच्या डॉक्टर. आत प्रत्येक पानावर अर्ध्या अर्ध्या तासाच्या रेघा आखल्या आहेत आणि समोर काय केलं ते लिहायला बोटभर जागा. अशा वह्या त्या हल्म भागातल्या साठ बायकांना वाटतात. बायकांनी उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलं ते लिहायचं, महिन्यानं वह्या गोळा करायच्या, मग डॉक्टरबाई त्यांची बेरीज करत बसतात. याला अर्थशास्त्र म्हणतात. मला वाटायचं अर्थशास्त्र म्हणजे बँक.

एक वही उरली ती मला दिली. "पुरुषाचाही एक नमुना असू दे," म्हणाल्या. मी दोन दिवस इमानानं लिहिलं. सहा ते साडेसहा बटाटे. साडेसहा ते सात बटाटे. सात ते साडेसात बटाटे. त्यांनी भिंग लावून वाचलं आणि म्हणाल्या, "योस्ट, तुझ्यावरून काही सिद्ध होणार नाही. वही तुलाच ठेव."

म्हणून आता रेघा सोडून लिहितो.

मी हॉटेलच्या तळघरात बटाटे सोलतो आणि पातेली घासतो. आमच्या खोऱ्यातली पाटीच्या दगडाची खाण सोडल्यापासून हे पाचवं काम. झ्युरिकला बेकरीत होतो, बाझलला मालाच्या बोटीवर, मग लंडनला दोन ठिकाणी. कुठंही सहा महिने झाले की माझा पाय ठरत नाही. इथं सात झाले. पंधरा जानेवारीच्या बोटीत जागा सांगून ठेवली आहे, लिव्हरपूलहून कॅनडा. तिथं काय करणार ते माहीत नाही. बटाटे तिथंही असतील.

डॉक्टरबाईंच्या घरात माळ्यावरची खोली माझी. त्याबदली कोळसा वर आणायचा, राख खाली न्यायची आणि पत्रं वाचून दाखवायची. त्यांच्या डोळ्यांना कडेकडेनं दिसतं, मधोमध धुकं. त्यात माझं वाचन असं. एक पान वाचायला आम्हा दोघांना मिळून अर्धा तास लागतो.

११ ऑक्टोबर, रविवार

सिबिलाआत्याचं पत्र. आत्या म्हणजे डॉक्टरबाईंची थोरली बहीण. माझी नात्यानं कुणी नाही, पण गावातली सगळी पोरं तिला आत्याच म्हणतात. डॉक्टरबाईही मूळच्या आमच्याच प्लाटेनेगच्या, वरच्या वाडीतल्या बेब्लरांच्या रेगुला. इथं लोक मिसेस थॉर्नली म्हणतात, ते गेलेल्या नवऱ्याचं नाव.

आत्या नेहमीच पाच ओळी लिहिते. "रेगी, खिडकीकडचा पलंग रिकामा केला. त्यावर बटाटे पसरले होते ते तळघरात नेले. गादीत नवी पानं भरली. शेळ्या बऱ्या आहेत. कागद आला का? सिबिला."

हा कागद म्हणजे सगळं. एकोणीस साली डॉक्टरबाईंनी इंग्रजाशी लग्न केलं आणि त्याच दिवशी गावच्या पुस्तकातून त्यांचं नाव कापलं गेलं. बाईनं परक्याशी लग्न केलं की ती परकी, असा कायदाच होता. आता नवा कायदा आलाय. अशा बायकांनी वर्षाच्या आत अर्ज केला तर नाव परत लागू शकतं. त्यांनी सप्टेंबरात वकिलातीत अर्ज दिला. नाव लागलं तर त्या गावी जाऊन बहिणीजवळ कायमच्या राहणार. नाही लागलं तर तीन तीन महिने पाहुणी म्हणून, पोलिसांचा शिक्का घेऊन. आत्या चौऱ्याहत्तरची, या अडुसष्टच्या.

मी म्हटलं, "पण तिथं आहे काय, डॉक्टरबाई? हिवाळ्यात दुपारी दोनला ऊन डोंगरामागं जातं."

"सिबिला आहे."

"आणि?"

"आणि काय? तुला दोन सिबिला हव्यात का?"

१४ ऑक्टोबर, बुधवार

मला पत्र! बाल्झर काकांचं. काका गावच्या पंचायतीचे मुख्य. मी खाण सोडल्यापासून त्यांनी मला एक ओळ लिहिली नव्हती. आईच्या पत्रात खाली "काका विचारत होते" एवढंच असायचं, तेही आई मनानंच घालत असणार.

लिहितात, "त्या थॉर्नलीबाईच्या अर्जावर पंचायतीला मत द्यायचं आहे. चाळीस वर्षांत तिला इथं कुणी धड पाहिलेलं नाही. तू तिच्या छपराखाली राहतोस असं कळलं. कशी राहते, तब्येत कशी, वागणं कसं, ते खरं खरं लिही. तिला बोलू नकोस, पंचायतीचं काम आहे."

पत्र तीनदा वाचलं. मला आजवर कुणी मत विचारलेलं नाही. हॉटेलात बटाटा जाड सोलू की पातळ, तेसुद्धा आचारी सांगतो.

१८ ऑक्टोबर, रविवार

जेवण झाल्यापासून दिवे लागेपर्यंत पत्र लिहिलं. आधी नीट विचार केला. आमच्या गावाला चोर चालतो, दारुडा चालतो, मिजास चालत नाही. परदेशात राहिलेल्या बाईबद्दल त्यांना हीच भीती असणार, की टोपी घालून येईल आणि आम्हाला शहाणपण शिकवील. म्हणून ही बाई अजून आपल्यातलीच आहे हे पटवायचं. लिहिलं ते असं:

"बाईंना मिजास कसली ती नाही. घरभर एकच शेगडी पेटते, तीही संध्याकाळी. मार्चपासून कोटाची तीच ठिगळं पाहतो आहे, ती स्वतःच लावतात. पियानो होता, तो विकला. रोज रात्री शिळ्या ब्रेडचं सूप, आपल्याकडं करतात तसंच. डोळ्यांनी नीट दिसत नाही, दिवसेंदिवस कमीच, पण कुरकुर नाही. मोठं पद कधी मिळालं नाही, पेन्शन नावाला आहे, त्याबद्दलही चकार शब्द नाही. मूलबाळ नाही, इथं नातलग नाही, म्हणून सगळा जीव गावावर. एकदा आल्या की परत जाणार नाहीत, शेवटपर्यंत गावच्याच होऊन राहतील."

इतकं चांगलं मी कुणाबद्दल लिहिलेलं नाही. स्वतः जाऊन पेटीत टाकलं. येताना अंग हलकं वाटत होतं.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी. बाहेर धुकं, आत खोकला. पुस्तकांची धूळ काढायला घेतली तर एक बारकं पुस्तक सापडलं, आपल्या भाषेतलं, वर रेगुला बेब्लर हे नाव.

"ते होय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यानं मला डॉक्टर केलं आणि गावातून उठवलं. दोन्ही एकदमच."

ही १९१० सालची गोष्ट. त्या झ्युरिकला शिकत होत्या. उन्हाळ्यात घड्याळ घेऊन गावी आल्या आणि वरच्या वाडीतल्या अकरा घरांत एकेक दिवस चुलीपाशी बसल्या. बाई किती वाजता उठते, पाणी किती वेळ, गवत किती वेळ, विणकाम किती, झोप किती. पुरुषांचंही तसंच, गुत्त्यासकट. नावं घातली नाहीत, घरांना आकडे दिले. पण आमच्या गावात आकड्यामागचं घर ओळखायला कितीसा वेळ लागणार? बायका सोळा तास कामात असतात आणि पुरुष त्याला काम म्हणत नाहीत, एवढं छापून आलं आणि सगळा गाव बिथरला. बायकासुद्धा. आमचं घाण कापड शहरात वाळत घातलंस, म्हणाल्या.

झ्युरिकच्या प्राध्यापकानं शाबासकी दिली आणि मुलींना स्वयंपाक शिकवायच्या शाळेत नोकरी सुचवली. दोन वर्षं वाट पाहून त्या इकडं आल्या.

मी सातवं घर वाचत होतो. आई, वय चौतीस, झोप साडेचार तास. मुलगा, वय नऊ, धडधाकट. आई गुरांचं आटोपून येईपर्यंत बाकावर पाय पसरून बसतो आणि बूट तिच्याकडून बांधून घेतो. रोज सात मिनिटं.

मला हसू आवरेना. हे आमचं घर, माझी आजी! आणि तो पोरगा म्हणजे बाल्झर काका! गावात अजून गुत्त्यातून हाक येते, "काय बाल्झर, बूट बांधले का?" आणि काका लालेलाल होतात. मला वाटायचं, असंच काहीतरी जुनं असेल.

"कोण बाल्झर?" त्यांनी विचारलं. "फ्राइटागांचा? तो आता काय करतो?"

"पंचायतीचे मुख्य."

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाल्या, "योस्ट, त्यानं तुला काही लिहिलंबिहिलं का?"

"तब्येतपाणी," मी म्हटलं. पंचायतीचं काम म्हणून काकांनी बजावलं होतं ना. पण मग कोळसा आणायला गेलो तेव्हा उगाच जास्त आणला.

८ नोव्हेंबर, रविवार

काल डॉक्टरबाईंबरोबर हल्मला वह्या गोळा करायला गेलो. कारण कडेनं दिसतं त्यावर जिने चढता येत नाहीत. एक बाई दार उघडून म्हणाली, "आल्या का हिशेबनीस! मिसेस थॉर्नली, ही वही भरायला रोज अर्धा तास जातो, तो कुठं लिहू?"

"खाली लिहा. वेगळा रकाना करा."

"आणि त्या अर्ध्या तासात पोरगं पाळण्यातून पडलं तर?"

"तेही लिहा."

ती हसत हसत आत गेली, पण वही भरलेली होती.

ट्राममध्ये मी विचारलं, इतकी वर्षं हे करून मिळालं काय? रागावल्या नाहीत. विद्यापीठात बावीस वर्षं साहाय्यक होत्या. प्राध्यापक चार आले नि गेले, चौघांना त्यांनीच काम शिकवलं. लढाईत सरकारच्या कुठल्या समितीनं त्यांचे तक्ते छापले, बायकांना कारखान्यात कसं आणायचं ते ठरवायला. नाव घालायचं राहून गेलं. "विसरले असतील," म्हणाल्या आणि खिडकीकडं बघत राहिल्या. खिडकीत धुक्याशिवाय काही नव्हतं.

मला त्यांच्याकडं बघूनच दमायला होतं. मी दोन-अडीच वर्षांत पाच ठिकाणं बदलली, त्या एकाच जागी चाळीस वर्षं. कोण जास्त शहाणं, कुणास ठाऊक.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

वकिलातीतून जाड लिफाफा आला. डॉक्टरबाई स्वयंपाकघरात हात पुसून बसल्या. "वाच," म्हणाल्या. "सावकाश."

वर लिहिलं होतं, "विषय: गावात परत घेण्याबाबत." मग प्लाटेनेगच्या पंचायतीचं मत. "सदर बाई भविष्यात गावच्या निराधार-निधीवर भार होईल अशी पंचायतीला रास्त भीती वाटते. विश्वसनीय माहितीप्रमाणे तिच्या घरात एकच शेगडी असून तीही केवळ संध्याकाळी पेटते. अंगावरील कपडे ठिगळांचे. पियानो विकावा लागला आहे. आहार शिळा ब्रेड..."

मी थांबलो.

"पुढं?"

"अक्षर लागत नाही, डॉक्टरबाई."

"टाइप केलेलं आहे. वाच."

वाचलं. दृष्टी दिवसेंदिवस कमी. पेन्शन नावाला. मूलबाळ नाही, नातलग नाही. एकदा आली की परत जाणार नाही. सगळं माझंच. माझीच वाक्यं कुणीतरी सुटाबुटात घालून परत पाठवली होती. माझे कान इतके तापले की वाटलं त्यांना उजेड दिसेल.

वाचून झालं. शेगडी अर्थातच पेटलेली नव्हती.

"शाळेत किती वर्षं होतास तू?"

"सहा. हिवाळ्यात फक्त."

"सहा हिवाळ्यांच्या मानानं चांगलं लिहितोस. निरीक्षण चांगलं आहे. काही सोडलेलं नाहीस."

"मी चांगलं म्हणून लिहिलं हो! मिजास नाही, साधी राहणी... आपल्याकडं याला चांगलंच म्हणतात!"

"माणूस गावात असेल तर चांगलं. गावाबाहेरून येणार असेल तर तेच दारिद्र्य." मग कपाळावर हात दाबून म्हणाल्या, "मी अकरा घरं अशीच लिहिली होती, योस्ट. चांगलं म्हणूनच. जा, झोप जा."

अजून संध्याकाळचे सहासुद्धा वाजले नव्हते. तरी गेलो.

२५ नोव्हेंबर

बटाटे. बोट कापलं. बरं झालं.

२९ नोव्हेंबर, रविवार

काकांचं दुसरं पत्र, मलाच. पंचायत हरकत मागं घ्यायला तयार आहे. अट एकच, गावच्या एखाद्या सज्ञान पुरुषानं हमी द्यायची, की बाई निराधार झाली तर तिचं खाणंपिणं, औषधपाणी मी बघीन. आणि हमी देणारा गावात राहत असला पाहिजे, बाहेरच्याची सही चालणार नाही. "सिबिला आली होती सही करायला. तिला समजावून सांगितलं की बाईची हमी धरत नाहीत. तेव्हा तू ये. नाहीतरी तुझ्या बापाचं कुरण दोन उन्हाळे कापलेलं नाही, खाणीतही जागा आहे."

हमी मिळाली नाही तर प्रकरण बर्नला, सरकारकडं जाईल. वाद, उत्तर, परत वाद. दोन वर्षं कुठं गेली नाहीत.

मी पत्र घेऊन खाली गेलो आणि सगळं वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही. मग म्हटलं, "मी करतो सही. चूक माझी आहे. कॅनडाचं राहू द्या."

"तुझं वय किती?"

"चोवीस."

"म्हणजे बघ. मी डॉक्टर, अडुसष्ट वर्षांची. सिबिलानं बापाची, भावाची, म्हाताऱ्या आईची, सगळ्यांची हमी साठ वर्षं स्वतःच्या पाठीवर वाहिली. आमची दोघींची सही धरत नाहीत. बटाट्यात बोट कापून घेणाऱ्याची धरतात." हसल्या, पण ते हसणं मला आवडलं नाही. "आमचा भाऊ याकोब तीस वर्षं अर्जेंटिनात होता. परत आला तो खोकला घेऊन, खिशात रुमालसुद्धा नव्हता. त्याला कुणी विचारलं नाही किती शेगड्या पेटतात म्हणून."

"म्हणून तर म्हणतो, मी सही करतो."

"आणि खाणीत जाशील? सहा महिन्यांवर कुठं न टिकणारा तू?"

"जाईन."

"बाल्झरला मी नकोच आहे, त्याला गवत कापणारा हवाय. माझ्या नावानं तुला बांधून घेतोय, एवढंही कळत नाही का रे तुला?"

मला ते खरंच कळलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "एक माणूस माझ्यासाठी त्या खोऱ्यात राहिलेलं पुरे आहे. दुसरं मला परवडणार नाही. विषय संपला. कोळसा संपलाय का बघ."

मी तिथंच उभा राहिलो. त्या म्हणाल्या, आता सिबिलाला कळवायचं. लिही. मी पेन घेतलं. त्यांनी सांगितलं, "प्रिय सिबिला, पलंगावर बटाटे परत पसरलेस तरी चालेल." आणि पुढं काही सुचेना म्हणून तेवढंच पाठवलं.

९ डिसेंबर, बुधवार

आत्याचं पत्र. यावेळी पाचपेक्षा जास्त ओळी आहेत. उतरवून ठेवतो.

"रेगी, तुझं पत्र मिळालं. मी बाल्झरकडे गेले. तो म्हणाला कागद यायला दोन वर्षं लागतील. माझ्याकडे दोन वर्षं आहेत का ते मला माहीत नाही, त्यालाही माहीत नाही. दोन शेळ्या विकल्या, तिसरी आंधळी आहे, ती शेजारी दिली. योस्टच्या आईनं बाझलच्या पुढचा सगळा प्रवास एका कागदावर लिहून दिला आहे. गुरुजी म्हणाले तुझ्या देशात यायला मला बहिणीचं पत्र पुरे, तेव्हा ते लगेच पाठव. तुला येऊ देत नाहीत तर मी येते. तिथं ऊन किती वाजता जातं? सिबिला."

मी वाचून वर पाहिलं. डॉक्टरबाईंचं तोंड उघडंच होतं.

"ती कधी ग्लारूसच्या बाजाराच्या पुढं गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी तिकडं कसं जायचं याचाच विचार करत होते. ती इकडं येऊ शकते हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. अर्थशास्त्रज्ञ म्हणे!"

मग म्हणाल्या, "परत वाच." पाच वेळा वाचलं.

१९ डिसेंबर, शनिवार

आत्या आली. इथल्या लंडन रोड स्टेशनवर गाडी पावणेदोन तास उशिरा. पाठीवर गवताची टोपली, तिच्यात आमच्याकडच्या पाला घातलेल्या उग्र हिरव्या चीजचे चार गोळे, एक कुऱ्हाडीचं पातं आणि घोंगडी. आजूबाजूचे लोक वासानं बाजूला होत होते.

"पातं कशाला आणलंस?" डॉक्टरबाईंनी विचारलं. एवढ्या वर्षांनी भेटून हेच पहिलं वाक्य.

"इथं चांगलं मिळत नसेल."

"इथं कोळसा जाळतात गं."

"असू दे. खराब थोडंच होतंय?"

डॉक्टरबाई मान तिरकी करून कडेच्या नजरेनं तिला बघत होत्या. आत्याला वाटलं ती दुसरीकडंच बघतेय. "मी इकडं आहे," म्हणाली आणि हनुवटीला धरून तिचं तोंड आपल्याकडं वळवलं. वळवल्यावर डॉक्टरबाईंना दिसेनासं झालं असणार. पण त्यांनी मान तशीच ठेवली.

बंदरावर शिक्का मारायला किती वेळ लागला, असं मी विचारलं. "कसला शिक्का?" आत्या म्हणाली. "तो होय. मी नाक पुसेपर्यंत मारला."

२७ डिसेंबर, रविवार

अर्ज मागं घेतल्याचं पत्र काल टाकलं. डॉक्टरबाईंनी सही केली ती रेघ सोडून खाली गेली.

दोघी फार बोलत नाहीत. आत्या पहाटे उठते, माझ्याआधी राख काढते, जिना पुसते, पुसलेला जिना परत पुसते. डॉक्टरबाई म्हणतात, बस गं जरा. ती खुर्चीच्या कडेवर बसते, जशी काही दवाखान्यात नंबर लागायचा आहे, आणि पाच मिनिटांत उठते.

आज दुपारी मी बूट पुसत होतो. आत्यानं विचारलं, "रेगी, तुझं काम नक्की काय असतं गं? मला कुणी विचारलं की मी सांगते, ती शाळेत शिकवते."

डॉक्टरबाईंनी सांगितलं. बायका घरात काम करतात ते मोजायचं, लिहायचं, म्हणजे ते काम आहे हे लोकांना दिसतं.

"ते घड्याळ घेऊन बसली होतीस तसं?"

"तसंच. अजून तेच."

आत्यानं मोज्याची एक ओळ विणून संपवली. मग म्हणाली, "वरच्या वाडीत बारा घरं आहेत. तू अकरा लिहिलीस. तेव्हापासून विचारायचं होतं."

डॉक्टरबाईंनी तिला बघायला मान तिरकी केली.

"बारावं आपलं. का गं, आपल्याकडं काम कमी होतं?"

"नाही." मग म्हणाल्या, "आपलं लिहायचं तर हेही लिहावं लागलं असतं, की घरातली एक मुलगी दिवसभर काम करते आणि दुसरी माडीवर पुस्तक घेऊन बसते."

"मग लिहायचंस की. खोटं थोडंच होतं? कुणी मारलं असतं का?" आत्यानं टाके मोजले. "मला आवडलं असतं. सगळ्यांची घरं छापली, आपलंच नाही."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांना थंडी वाजत असेल म्हणून मी दुपारीच शेगडी पेटवली. कुणी नको म्हटलं नाही.

५ जानेवारी १९५४, मंगळवार

माझी बोट दहा दिवसांवर आली. सामान बांधायला एक तासही लागणार नाही.

आज आत्याची परदेशी म्हणून नोंद करायला तिघं पोलीस ठाण्यावर गेलो. ती आता इथंच राहणार, म्हणजे नाव घालावं लागतं. हवालदार जाडा, सर्दी झालेला. नाव, गाव, जन्म सगळं झालं. मग म्हणाला, "धंदा?"

"काय विचारतोय?" आत्यानं मला विचारलं.

"काम काय करतेस म्हणून."

"काही नाही म्हणावं."

हवालदाराला मान हलवलेली कळली. "काही नाही. रेघ मारतो."

"रेघ मारू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बाई, मागं रांग आहे."

"असू दे रांग. तीन शेळ्या आणि दोन गाई हिनं सांभाळल्या. दोन कुरणं विळ्यानं कापली, गवत पाठीवरून आणलं. लाकडं फोडली. आई नऊ वर्षं अंथरुणात होती, ती हिनं उचलली. यातलं 'काही नाही' कुठलं, ते मला दाखवा. मग रेघ मारा."

"लग्न झालंय?"

"नाही."

"मग गृहिणीही लिहिता येत नाही." तो नाक शिंकरून विचारात पडला. "कुरण कुणाचं?"

"आमचंच."

"कापायचं कोण?"

"हीच."

"जनावरं?"

"हिचीच."

"मग शेतकरी म्हणा की! एवढं लांबण कशाला?" त्यानं लिहिलं, शिक्का ठोकला आणि बारकी वही पुढं सरकवली.

"काय लिहिलं त्यानं?" आत्यानं विचारलं.

डॉक्टरबाईंनी टेबलाची कड धरली होती. "शेतकरी," त्या म्हणाल्या.

आत्या आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसली. पडलेले दात दिसले. "मी? अगं, शेतकरी बाबा होते. मग याकोब. मी नुसतं काम करायची."

"आता शिक्का बसला. काही इलाज नाही."

"खोडतील का मागाहून?"

"नाही."

बाहेर धुकं पडलं होतं. डॉक्टरबाईंना दिसत नव्हतं, आत्याला रस्ता माहीत नव्हता, म्हणून मी मध्ये चाललो, एकेक दंड धरून. ट्रामच्या थांब्यापर्यंत आत्या दोनदा थांबली. दोन्ही वेळा कंबरेतून वही काढली, ते पान उघडलं आणि विचारलं, "कुठला रे तो शब्द?"

मी बोट ठेवून दाखवला.